अर्ध्या पानाचे वकील

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ऑक्टोबर 2023 पासून दोनच कात्रणं आलटून पालटून फिरतायत. एक सावरकरांचं, डिसेंबर 1947 मध्ये ज्यू राष्ट्राचं त्यांनी केलेलं स्वागत. दुसरं गांधींचं, 26 नोव्हेंबर 1938 च्या 'हरिजन'मधलं: इंग्लंड जसं इंग्रजांचं, तसं पॅलेस्टाईन अरबांचं. एकाने पहिलं टाकलं की तासाभरात कुणीतरी दुसरं टाकतो. मग एखादी मैत्रीण सुप्रभातचं फूल टाकते आणि तेवढ्यापुरती युद्धबंदी होते.

लंडनमध्ये तऱ्हा वेगळी. शनिवारी रस्त्यावर मोर्चा, सोमवारी ऑफिसात चिडीचूप. झायोनिझमला, म्हणजे पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंचं स्वतःचं राष्ट्र असावं या चळवळीला, विरोध करणारा माणूस ज्यूद्वेष्टा असतो की नसतो, यावर इथे विद्यापीठांपासून मजूर पक्षापर्यंत सगळे एकमेकांची डोकी फोडून बसलेत. इथे बोलताना लोक घाबरतात, कारण शेजारच्या टेबलावर बसलेल्याचं कुणीतरी इस्राएलमधल्या हैफात असतं नाहीतर गाझात. आमच्या ग्रुपला ती धास्ती नाही. तिथला वाद इस्राएलचा नाहीच मुळी. वाद आपल्याच गल्लीतला आहे, फक्त झेंडे परदेशी आहेत.

मी पश्चिम लंडनमध्ये राहतो. क्यूचं राष्ट्रीय अभिलेखागार तिथून जवळ आहे. वाचकाचं कार्ड फुकट मिळतं. पेन आत न्यायचं नाही, फक्त पेन्सिल. सामान पारदर्शक पिशवीत. युद्धकाळातल्या मंत्रिमंडळाचे कागद आता घरबसल्या संगणकावरही उतरवून घेता येतात, त्यामुळे 'मिळत नाही हो' ही सबब उरलेली नाही. त्यात ऑगस्ट 1917 चं एक टिपण आहे. माथ्यावर 'गुप्त', त्याखाली हा कागद सरकारच्या मालकीचा असल्याची ताकीद, आणि विषय: सध्याच्या सरकारचा ज्यूविरोध. लिहिणारा त्याच सरकारातला मंत्री, एडविन मॉन्टेग्यू.

नाव ओळखीचं वाटलं ना? मॉन्टेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा, 1919, दोन मार्क. तोच हा भारतमंत्री. आपल्याला शाळेत एवढंच शिकवलं. तो ज्यू होता आणि बाल्फोर जाहीरनाम्याला, म्हणजे पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंचं राष्ट्रीय घर वसवायला ब्रिटिश सरकारने 1917 मध्ये दिलेल्या पाठिंब्याला, मंत्रिमंडळात सगळ्यात कडवा विरोध त्याने केला, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. ज्यू हा धर्म आहे, राष्ट्र नव्हे. पॅलेस्टाईन हे ज्यूंचं घर असं तुम्ही एकदा जाहीर केलंत, की प्रत्येक देश आपल्याकडच्या ज्यूंना 'जा तुमच्या घरी' म्हणायला मोकळा. आणि तिकडे पोचलेले लोक आज तिथे राहणाऱ्यांना हुसकून लावतील. झायोनिझमला त्याने चक्क उपद्रवी राजकीय पंथ म्हटलंय, आणि सरकारचं धोरण परिणामाने ज्यूविरोधी ठरेल असं आपल्याच सहकाऱ्यांना सुनावलंय.

हे सगळं वाचून आमचा एक मित्र हरखला असता. प्रत्यक्षात हरखलाच. मी ग्रुपवर अख्खं टिपण टाकलं होतं. त्याने हुसकून लावण्याचं तेवढं एक वाक्य कापून, मोठ्या अक्षरांत सजवून परत पाठवलं. बाकीचं कुणी उघडलं असेल असं वाटत नाही.

कारण बाकीचं वाचलं तर मॉन्टेग्यू इतका सोयीचा राहत नाही. तो श्रीमंत बँकरचा मुलगा. त्याची भीती प्रामुख्याने स्वतःच्या इंग्रजपणाची होती: उद्या मला परका म्हणाल तर मी भारतात कुणाच्या वतीने बोलायचं? रशियाच्या साम्राज्यात दंगलींत घरं जळालेल्या ज्यूला इंग्रज सभ्य गृहस्थ होण्याचा पर्याय नव्हता, आणि ती बाजू टिपणात फारच पुसट आहे. त्याचा सख्खा चुलतभाऊ हर्बर्ट सॅम्युएल झायोनिझमच्या बाजूने उभा होता. 1920 मध्ये तोच पॅलेस्टाईनचा पहिला ब्रिटिश हायकमिशनर झाला. एकाच घरात दोन टोकं.

दुसऱ्या बाजूचा बाल्फोर बघा, जाहीरनाम्यावर सही करणारा परराष्ट्रमंत्री. ज्यूंचा कैवारी म्हणून त्याचं नाव घेतात. पण 1905 मध्ये तो पंतप्रधान असताना परकीयांविषयीचा जो कायदा झाला, त्याचा रोख मुख्यतः पूर्व युरोपातून येणाऱ्या गरीब ज्यूंना ब्रिटनच्या दारातच अडवण्यावर होता. इकडे नको, तिकडे जा, आणि वर आशीर्वाद. मॉन्टेग्यूला नेमका याच मनोवृत्तीचा वास येत होता. झायोनिझमचा विरोधक म्हणजे ज्यूद्वेष्टा आणि समर्थक म्हणजे ज्यूंचा मित्र, हे इथलं सरळसोट समीकरण 1917 च्या त्या एका टेबलाभोवतीही जुळत नाही. ज्यूद्वेष लपवायला झायोनिझमविरोधाचा बुरखा घेणारे लोक आज आहेत, मोर्चात त्यांची फलकं मी पाहिली आहेत. पण ते ओळखायचे तर माणूस काय बोलतो ते पूर्ण ऐकावं लागतं, लेबल वाचून भागत नाही.

आपली दोन कात्रणंही अशीच अर्धी. गांधींचा तो लेख सेवाग्रामहून, तेव्हाच्या सेगावहून, लिहिलेला. त्याची सुरुवातच ज्यूंविषयीच्या सहानुभूतीने होते. ख्रिस्ती जगातले अस्पृश्य, असं ते ज्यूंना म्हणतात. पुढे जर्मनीतल्या ज्यूंना ते सत्याग्रहाचा सल्ला देतात, जो वाचताना आजही अंगावर काटा येतो. जेरुसलेमहून तत्त्वज्ञ मार्टिन बुबर आणि हिब्रू विद्यापीठाचे प्रमुख ज्यूडा मॅग्नेस यांनी 1939 मध्ये त्यांना उत्तरं लिहिली. दोघेही ज्यू, दोघेही अरबांबरोबर एकत्र राज्य करावं या मताचे. ग्रुपवरच्या दोन्ही पक्षांना ही माणसं अडचणीची. सावरकरांचंही तेच. ज्यू राष्ट्राचं स्वागत करणाऱ्या सावरकरांनीच 1938 मध्ये पुण्याच्या सभेत, जर्मनीला नाझीवाद स्वीकारण्याचा पूर्ण हक्क आहे, असं सांगितलं होतं. हा कागदही उपलब्ध आहे. तो कुणी फॉरवर्ड करत नाही.

आणि अलिबागच्या शनवार तेल्यांचं, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं काय? ही बेने इस्राएल मंडळी कोकणातून इस्राएलला गेली. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांतल्या काहींनी तिथे धरणं धरून 'आम्हाला भारतात परत पाठवा' म्हटलं आणि काही परत आलेही. पुढे त्यांचं ज्यूपणच धर्मपीठाने लग्नाच्या बाबतीत संशयात धरलं. 1964 मध्ये आंदोलन झालं, तेव्हा क्नेसेटला, म्हणजे इस्राएलच्या संसदेला, हे पूर्ण ज्यू आहेत असं स्पष्ट करावं लागलं. तरीही बहुतेक जण तिथेच रुजले, मराठी बोलत राहिले. या गोष्टीत इस्राएलवर टीकाही आहे आणि इस्राएलवर प्रेमही, आणि ती मराठीत आहे. आमच्या ग्रुपवर ती आजवर आली नाही.

मंत्रिमंडळातला दुसरा शंकेखोर कर्झन, बंगालच्या फाळणीवाला. ऑक्टोबर 1917 च्या टिपणात तो विचारतो, या देशातल्या लोकांचं काय करणार? दीड हजार वर्षं राहणारे अरब लाकूडतोडे आणि पाणके होऊन राहायला तयार होणार नाहीत, असा त्याचा इशारा. मग 31 ऑक्टोबरला त्याने विरोध गुंडाळून ठेवला. मॉन्टेग्यू तोवर भारताच्या वाटेला लागला होता. त्याच नोव्हेंबरात टिळक त्याला दिल्लीत भेटले. 2 नोव्हेंबरच्या जाहीरनाम्यात अरब हा शब्दच नाही, 'बिगर-ज्यू समाज' एवढाच उल्लेख. 1922 च्या जनगणनेतही तिथे दर दहांत जवळपास नऊ जण याच 'बिगर' गटातले होते.

तिथल्या अरबांचे कागद शोधायला गेलं की हात रिकामे राहतात. बैरुतमधल्या पॅलेस्टाईन संशोधन केंद्राचा संग्रह 1982 मध्ये इस्राएली सैन्याने उचलून नेला. पुढच्या वर्षी तो कैद्यांच्या अदलाबदलीत परत दिला. 1948 मध्ये अरब घरांतून गोळा झालेली हजारो पुस्तकं जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गेली. एकदा खुले झालेले 1948 चे दस्तऐवज इस्राएलच्या संरक्षण खात्याने पुन्हा कुलपात टाकल्याचं 'हारेट्झ' या इस्राएली दैनिकाने 2019 मध्ये उघड केलं. अरब सरकारांनी तर आपलं 1948 च्या युद्धाचं दप्तर धड उघडलेलंच नाही, त्यामुळे त्यांच्या सेनापतींच्या चुका झाकलेल्याच राहिल्या. क्यूमध्ये बसून मॉन्टेग्यू कळतो, कर्झन कळतो. पॅलेस्टाईनमधल्या नाब्लुसच्या साबणवाल्या व्यापाऱ्याला 1917 मध्ये काय वाटत होतं, ते ब्रिटिश कारकुनाने टिपलं असेल तेवढंच. आणि त्या कारकुनाला अरबी कितपत येत होती, देव जाणे.