सौर वीज मीटरपाशीच का जोडावी : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

छतावरच्या सौर संचाची केबल वाटेतल्या कुठल्याही सर्किटला न जोडता थेट मीटरलगतच्या मेन स्विचपर्यंत आणावी, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. "वीज ती वीजच; मीटरपाशी जोडली काय आणि गच्चीवरच्या प्लगपाशी जोडली काय, अर्धवट ज्ञानावर लोकांना घाबरवून ठेकेदारांचे खिसे भरू नका," असे आपण लिहिले आहे. मतभेदाला माझी हरकत नाही. मात्र ज्याला आपण कधी भेटला नाहीत, त्याच्या हेतूवर शंका घेणे हा युक्तिवाद नव्हे. मी वायरमनचे काम वडिलांच्या हाताखाली शिकलो, पुढे परवाना घेतला आणि करपलेले स्विचबोर्ड उघडून त्यांची कारणे शोधण्यातच माझी उमेदीची वर्षे गेली. हे ज्ञान अर्धवट असेल, तर पूर्ण ज्ञान आपण कोठे मिळवले तेही लिहायला हवे होते.

जाड केबल तळमजल्यापर्यंत आणल्याने खर्च वाढतो, हे आपले म्हणणे मला मान्य आहे.

आता "वीज ती वीजच" या वाक्याकडे वळतो. ३ किलोवॉटचा संच भर उन्हात २३० व्होल्टला सुमारे १३ अँपिअर देतो. तो गच्चीवरच्या १६ अँपिअरच्या एमसीबीखालील (जादा प्रवाह वाहिल्यास आपोआप बंद, म्हणजे ट्रिप, होणाऱ्या स्विचखालील) सर्किटमध्येच जोडला आणि त्याच सर्किटवर पुढे मोठा भार पडला, तर मीटरकडून १६ आणि संचाकडून १३ असे २९ अँपिअर अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरच्या एका तुकड्यातून वाहू शकतात. एमसीबीमधून त्यातले १६ च जात असल्याने तो ट्रिप होत नाही आणि वायर भिंतीच्या आत तापत राहते. मेन स्विचपाशी स्वतंत्र एमसीबी देऊन जोडणी केली, तर हा प्रश्न मुळातच उद्भवत नाही.

दुसरे कारण व्होल्टेजचे. मीटर आणि इन्व्हर्टर (पॅनेलच्या विजेचे घरात वापरायच्या विजेत रूपांतर करणारे यंत्र) यांत ३० मीटर अंतर असेल, तर अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्ये १३ अँपिअरला जवळपास ६ व्होल्टचा फरक पडतो. वीज घराकडून मीटरकडे वाहत असल्याने हा फरक इन्व्हर्टरच्या बाजूला वाढीव व्होल्टेज म्हणून दिसतो. ट्रान्सफॉर्मरजवळच्या घरी मीटरवरच २४८ व्होल्ट असतील, तर इन्व्हर्टरला २५४ दिसतात. २३० च्या ११० टक्के, म्हणजे २५३ व्होल्ट, ही मर्यादा ओलांडली गेल्याने तो ऐन दुपारी बंद पडतो. ग्राहक पॅनेलला दोष देतो, पुरवठादाराशी भांडतो, आणि खरे कारण वायरीत असते. सहा चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये हाच फरक अडीच व्होल्टच्या आत राहतो. आपण ज्याला ठेकेदाराचा खिसा म्हणता, तो खर्च याच केबलचा आहे.

तिसरे कारण खांबावर चढणाऱ्या माणसाचे आहे, आणि त्यावर आपण एक शब्दही लिहिलेला नाही. दुरुस्तीसाठी वीज बंद केलेली असताना घरच्या संचाची वीज उलटी तारेत गेली, तर त्याच्या जिवावर बेतू शकते. वीज गेली की इन्व्हर्टर आपोआप थांबतो, हे खरे आहे. तरीही केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांत हाताने चालवायचा, उघडल्याचे डोळ्यांना दिसणारा आणि उघड्या स्थितीत कुलूप लावता येणारा स्विच सांगितला आहे. तो कुणाच्या गच्चीवरच्या बंद खोलीत असेल, तर लाइनमनने काय करावे?

अमेरिकेत मीटर आणि तो ज्यात खोचला जातो त्या सॉकेटच्या मध्ये कॉलर (जोडणीची कडी) बसवून सौर जोडणी होते, हा आपला दाखला येथे लागू पडत नाही, कारण आपल्याकडच्या मीटरना खालच्या बाजूने वायरी जोडलेल्या असतात.

आपल्या घरचा संच प्लगपाशी जोडून "उत्तम चालतो" असे आपण म्हणता. मग भर दुपारी घरातील भार कमी असताना इन्व्हर्टरच्या पडद्यावरचा आणि मीटरवरचा व्होल्टेज एकाच वेळी नोंदवा, वायरची जाडी व लांबी लिहा आणि ते आकडे येथेच द्या. पुढची चर्चा मी त्या आकड्यांवरच करीन.