यशया आणि कुमरानची गुंडाळी: एका लोकप्रिय दाव्याला उत्तर

यशया हा बायबलच्या जुन्या करारातला ग्रंथ. त्याचा चाळिसाव्या अध्यायापासूनचा भाग यशया संदेष्ट्याच्या नंतरच्या काळात दुसऱ्या कुणी लिहिला, असं अनेक अभ्यासक मानतात. त्याविरुद्ध पुढे पाठवला जाणारा दावा थोडक्यात असा: ‘भाकितांवर विश्वास नसलेल्या पंडितांनी यशयाचे तुकडे केले. मृत समुद्राकाठी अख्खा ग्रंथ सलग सापडला आणि ते खोटे ठरले. नव्या करारातही यशया एकच आहे.’ हा ग्रंथ मला फार प्रिय आहे, म्हणूनच त्याच्या बचावासाठी कच्चे मुद्दे वापरलेले मला पाहवत नाहीत.

आधी गुंडाळी. १९४७ च्या सुमारास मृत समुद्राकाठच्या कुमरान इथल्या पहिल्या गुहेत मिळालेल्या या सव्वासात मीटरच्या हस्तलेखात सगळे ६६ अध्याय आहेत. चाळिसावा अध्याय एका स्तंभाच्या तळच्या ओळीवर, मध्ये काही न सोडता सुरू होतो. पण ही नक्कल इ.स.पू. दुसऱ्या शतकातली, म्हणजे बाबेल जिंकणारा पर्शियाचा राजा कोरेश (सायरस) याच्यानंतर सुमारे चारशे वर्षांची आहे. तोवर हा एकच ग्रंथ झाला होता हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. शिवाय मोकळ्या जागेवरूनच लेखक ठरवायचे, तर तेहतिसाव्या अध्यायानंतर याच गुंडाळीत तीन ओळी कोऱ्या आहेत. त्यांचं काय करायचं?

नवा करार ‘यशया म्हणाला’ असं म्हणतो, हे खरं. पण त्यातल्याच मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात ‘यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात लिहिले आहे’ म्हणून जे उद्धृत केलंय, त्याची पहिली ओळ मलाखी या दुसऱ्या संदेष्ट्याच्या ग्रंथात सापडते. त्या काळी वचन कुठून घेतलं हे सांगण्याची ती रीत होती. नामदेव गाथेत सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळले आहेत. त्यांतला एखादा ‘नामदेवांचा’ म्हणून गाणाऱ्या वारकऱ्याला कुणी खोटारडा म्हणत नाही.

आता अविश्वासाचा आरोप. चाळिसाव्या अध्यायापासूनचा भाग वेगळ्या काळाचा असावा, असं बाराव्या शतकात सूचित केलं ते अब्राहम इब्न एज्रा या धर्मनिष्ठ यहुदी भाष्यकाराने. एकोणिसाव्या शतकातला फ्रान्झ डेलिच हा श्रद्धाळू लूथरन. त्याने नवा करार हिब्रूत नेला आणि यशयाच्या एकत्वाची बाजू वर्षानुवर्षं लढवली. शेवटी १८८९ च्या आवृत्तीत त्यानेच वेगळा काळ मान्य केला. त्याला नास्तिक कसं म्हणणार?

आणि मूळ युक्तिवाद ‘भाकीत अशक्य’ हा नाहीच. अध्याय ३९ मध्ये यशया हिज्कीया राजाला सांगतो की तुझी संपत्ती आणि वंशज बाबेलला नेले जातील, ‘असे दिवस येत आहेत’. इथे बंदिवास, म्हणजे यहुद्यांना कैदी करून बाबेलला नेणं, पुढचा आहे. लगेच चाळिसाव्यात यरुशलेमेला सांगितलं जातं की तिची शिक्षा भोगून झाली. अठ्ठेचाळिसाव्यात ‘बाबेलातून निघा’ अशी हाक आहे. कोरेशचं नाव घेऊन त्याच्याशी थेट बोललं जातं. बंदिवास येणार असं इथे कुणी सांगत नाही. तो भोगत असलेल्यांशी बोलणं चाललंय. यशयाचं नाव मात्र अध्याय ३९ नंतर एकदाही येत नाही.

याहून महत्त्वाचा पुरावा सेहेचाळिसाव्यात आहे. बाबेलचे देव बेल आणि नबो वाकतील, बंदिवासात जातील, असं तिथे म्हटलंय. प्रत्यक्षात इ.स.पू. ५३९ मध्ये कोरेश लढाईविना शहरात शिरला, आणि १८७९ मध्ये मिळालेल्या त्याच्या मातीच्या लेखात तो मर्दुकाचा, म्हणजे त्याच बेलाचा, गौरव करतो. म्हणून अनेक अभ्यासक हे अध्याय ५३९ च्या आधीचे मानतात. घटना पाहून नंतर लिहिलं असतं, तर वर्णन असं झालं नसतं. ज्यांच्यावर भाकीत नाकारल्याचा आरोप होतो, तेच इथे संदेष्ट्याला खरोखर भविष्याकडे पाहताना दाखवतात.

एकत्वाच्या बाजूने मुद्दा हवाच असेल तर तो ग्रंथातच आहे: ‘इस्राएलाचा पवित्र प्रभू’ हे नाव दोन्ही भागांत पुन्हा पुन्हा येतं आणि बाकी जुन्या करारात ते क्वचितच दिसतं. पण आठव्या अध्यायात यशया आपला बोध शिष्यांपाशी मोहोरबंद करायला सांगतो. एका गुरूची वाणी पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्यांच्या तोंडी तेच नाव राहिलं असेल, तर त्यात नवल नाही.