एका रात्रीची भांडी

पन्नाशीच्या उंबरठ्यावर माणसाने काहीतरी नवे शिकावे, असे डॉक्टरांनी सुचवले तेव्हा त्यांच्या मनात बहुधा बासरी असावी. मी पोकर निवडला. मात्र माझी उभी हयात लेखापरीक्षण विभागात इतरांच्या खर्चावर आक्षेप काढण्यात गेलेली असल्यामुळे, पत्त्यांचा कॅट विकत घेण्याआधी मी शेजारच्या निवृत्त वकीलसाहेबांकडे जाऊन, हे कायद्यात कसे बसवता येईल, अशी रीतसर विचारणा केली.

त्यांचे उत्तर दोन कप चहा पुरले. महाराष्ट्रात जुगारबंदीचा कायदा १८८७ सालचा आहे आणि निव्वळ कौशल्याच्या खेळांना तो हात लावत नाही. रमीत कौशल्याचा वाटा मोठा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच म्हटलेले आहे; पोकरबद्दल मात्र उच्च न्यायालयांचे एकमत नसून गुजरातच्या उच्च न्यायालयाने २०१७ साली त्याला जुगारात ढकलले. मोबाइलवर पैसे लावून खेळण्याचा मार्ग संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा करून बंद केला, मग त्यात कौशल्य असो वा नशीब. मला सर्वांत भावला तो १९७६ चा कॅसिनो नियंत्रण व कर कायदा. तो आपल्या राज्याने मंजूर करून सत्तेचाळीस वर्षे कपाटात ठेवला आणि २०२३ मध्ये रद्द केला. एकाही कॅसिनोवर न वापरता कॅसिनोंचे इतके परिपूर्ण नियंत्रण साधणाऱ्या या कायद्यावर मला एकही आक्षेप काढता आला नसता. राहता राहिला गोवा. पण तिथले मोठे कॅसिनो मांडवीच्या पात्रात जहाजांवर तरंगतात आणि मला तर फेरीबोटीतही मळमळते.

‘‘घरी खेळा, पैसा किंवा पैशाच्या मोलाचे काही लावू नका, आणि मलाही बोलवा,’’ असा सल्ला देऊन वकीलसाहेबांनी फी म्हणून तिसरा चहा मागितला.

शनिवारी रात्री आम्ही चौघे बसलो: मी, पत्नी, वकीलसाहेब आणि शिक्षणासाठी आमच्याकडे राहणारा भाचा, जो आमचा गुरू होता. प्रत्येकापुढे शंभर चिंचोके होते. प्रत्येकाला दोन पत्ते झाकलेले मिळतात, मग मध्यभागी आधी तीन, नंतर एक आणि शेवटी आणखी एक पत्ता उघडला जातो, आणि या सातांतून सर्वोत्तम पाच निवडायचे असतात, एवढे मला लगेच उमगले. घोळ घातला तो तारुण्यात हॉस्टेलवर शिकलेल्या तीन पत्तीने. भाचा म्हणाला, ‘‘मामा, ब्लाइंड तुझा,’’ आणि मी पूर्वसंस्काराने पत्ते पालथेच ठेवून, एकदाही न बघता, अख्खा डाव खेळलो. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे पत्ते वाटण्याआधी दोघांनी सक्तीने भरायची रक्कम असते, हे मला डाव संपल्यावर कळले. तो डाव मी जिंकलो होतो, ही गोष्ट मी आजही महत्त्वाची मानतो.

दुसरा तंटा सिक्वेन्सचा, म्हणजे ओळीने लागलेल्या पत्त्यांचा. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला, म्हणजे एकाच छापाच्या पत्त्यांना, मारते. पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला मारतो. माझी सुरेख नव्वी-दश्शी-गुलाम-राणी-राजा वकीलसाहेबांच्या पाच भणंग किलवरांपुढे पडली, तेव्हा मी लेखी कारण मागितले. भाच्याने ते कागदावर मांडून दाखवले: तीन पत्त्यांत नुसत्या सिक्वेन्सचे ७२० आणि नुसत्या कलरचे १,०९६ हात, म्हणजे पत्त्यांचे संच, होतात, पाच पत्त्यांत सिक्वेन्सचे १०,२०० होतात आणि कलरचे फक्त ५,१०८. जे दुर्मीळ ते वरचढ. माझी बेरीजवजाबाकीवर श्रद्धा असल्यामुळे मी पैसे नव्हे, पण चिंचोके मुकाट्याने भरले.

खरी अडचण निराळीच निघाली. कोणीही पॅक करेना, म्हणजे पत्ते टाकून डाव सोडेना. समोर पन्नास चिंचोके सरकवून मी कितीही करारी चेहरा केला, तरी तिघेही ‘‘बघू तरी काय आहे’’ म्हणत तेवढेच पुढे ढकलत. चिंचोका गेल्याने कोणाच्या पोटात दुखत नाही, आणि पोटात दुखल्याशिवाय थापेला कोणी भीक घालत नाही. म्हणजे गमावताना जिवावर येईल, पण कायद्याला पैसा म्हणता येणार नाही, अशी वस्तू हवी होती. ती पत्नीला सापडली. पुढच्या शनिवारी मी, ती आणि भाच्याने ‘‘एका रात्रीची भांडी’’ अशा प्रत्येकी तीस चिठ्ठ्या लिहिल्या. वकीलसाहेबांनी ‘‘एका सकाळचे दूध’’ लिहिले. हे पैशाचे मोल ठरेल का, या माझ्या शंकेवर ते म्हणाले, ‘‘भांडी कोणी घासायची हा विषय १८८७ साली कोणाच्या विषयपत्रिकेवर असेल असे वाटत नाही.’’ तीस चिठ्ठ्यांपलीकडे उसनवारी नाही आणि दहाला डाव बंद, हे जबाबदारीचे दोन नियम मीच लिहून सर्वांच्या सह्या घेतल्या.

त्या रात्री सगळे इतके भराभर पॅक करू लागले की, खेळ ओळखू येईना. साडेनऊपर्यंत माझ्या अकरा चिठ्ठ्या भाच्याकडे गेल्या होत्या. आणि मग मला एक्क्यांची जोडी आली, जी २२१ हातांत सरासरी एकदा येते. मी थरथरत्या हाताने एकोणीसच्या एकोणीस पुढे सारल्या. तिघांनीही माझ्याकडे एकदा पाहिले आणि पत्ते टाकले. ब्लाइंडच्या तीन चिठ्ठ्या, एवढेच माझ्या एक्क्यांचे उत्पन्न.

यातून मी धडा घेतला. दहाला पाच कमी असताना वेगळ्या छापांची सत्ती-दुर्री आली, म्हणजे सर्वांत टाकाऊ समजले जाणारे दोन पत्ते. मी तोच चेहरा केला, हात तसाच कापवला आणि बावीस चिठ्ठ्या सरकवल्या. भाच्याने पॅक केले, वकीलसाहेबांनीही केले. पत्नीने चष्मा सारखा केला आणि छक्क्यांच्या जोडीवर बावीस मोजून ठेवल्या. मधल्या पाच पत्त्यांनी मला काहीच दिले नाही.

‘‘अगं, पण तुला कळलं कसं?’’

‘‘मघाशी तुमचा हात थरथरत होता. आत्ता तुम्ही तो थरथरवत होतात.’’

आणखी दहाच चिठ्ठ्या लिहून घेऊ द्या, अशी विनंती मी केली. तेव्हा भाच्याने काही न बोलता माझ्याच सहीचा नियमांचा कागद माझ्यापुढे धरला. वर दहाही वाजले होते.

भाचा त्याच्या अकरा चिठ्ठ्या आपल्या पाळीच्या दिवशी वटवतो, पत्नी तिच्या एकोणीस तिच्या पाळीला. वकीलसाहेब दोन सकाळी दूध आणून देऊन मोकळे झाले. मी मात्र रोज घासून झाल्यावर चिठ्ठी फाडून मागतो आणि तुकडे फाइलला लावतो, कारण पावतीशिवाय फेड मी कधीच मान्य केलेली नाही. काल सतरावी फाडली. कुकर होता.