‘नियम मोडला तर रडता कशाला?’ या प्रतिक्रियेला माझं उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली होती. तेव्हाच उत्तर लिहायला बसलो पण डोकं गरम होतं म्हणून ठेवून दिलं, आज सकाळी चहा घेता घेता परत वाचली तर तुमच्या निम्म्या गोष्टी पटल्या. उरलेल्या निम्म्या अजिबात नाही पटल्या, म्हणून हे एवढं लांबलचक लिहून राहिलो.

मूळ पोस्ट ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माझा भाचा, बहिणीचा पोरगा, शेतीच्या औषधांच्या कंपनीत सेल्सला आहे. घर नागपूरला, मानेवाड्याला, आणि महिन्यातले पंधरा दिवस हैदराबादला अमीरपेठेत दोन विदर्भातल्याच पोट्ट्यांसोबत रूमवर. 2024 मध्ये तो एका परदेशी ऑनलाइन कॅसिनोवर खेळत होता, 38 हजार टाकले, खात्यात 1 लाख 12 हजार झाले, काढायला गेला तर खातं बंद आणि पैसे जप्त. कारण दिलं की वेगवेगळ्या ठिकाणांहून लॉगिन, व्हीपीएनचा (म्हणजे आपलं खरं ठिकाण लपवणाऱ्या ॲपचा) वापर आणि एकाच इंटरनेटवर दुसरं खातं. मी पोस्टला नाव दिलं होतं ‘कंपनीनं लुटलं’.

त्यावर तुम्ही लिहिलं की तुम्ही बँकेत आहात, लोकेशन बदललं की तुम्हीही व्यवहार थांबवता, पोराने अटी न वाचता टिक केली, नियम मोडला तर रडता कशाला, आणि जुगाराची वकिली करू नका.

आधी जे पटलं ते. त्याने अटी वाचल्या नव्हत्या, खरं आहे. मी नंतर वाचल्या, मोबाईलवर खाली खाली सरकवता अंगठा दुखला, सगळं इंग्रजीत. एका माणसाचं एकच खातं, एका घरातून एकच, एका आयपीवरून (म्हणजे इंटरनेट जोडणीच्या नंबरवरून) एकच, एका फोनवरून एकच. व्हीपीएन चालणार नाही. तुम्ही जिथे बसला आहात तिथे हे कायद्यात बसतं का ते तुमचं तुम्ही पाहा. आणि शेवटी, आम्हाला वाटलं तर कधीही खातं बंद करू. हे सगळं लिहिलेलं होतं, म्हणजे कागदावर चूक भाच्याचीच, आणि पोस्टचं नाव मी रागात दिलं होतं हेही मान्य.

पण तुम्ही एक गोष्ट पाहिलीच नाही. हा नियम लागला कधी?

मागच्या रविवारी मी बहिणीकडे जेवायच्या टेबलावर त्याच्या यूपीआयच्या हिस्ट्रीची प्रिंट घेऊन बसलो, हातात लाल पेन. एकोणीस वेळा पैसे टाकले होते. प्रत्येक तारखेसमोर त्याला विचारून मी गाव लिहीत गेलो, नागपूर, नागपूर, आदिलाबाद, हैदराबाद, परत नागपूर, हैदराबाद. शेवटचे सहा व्हीपीएन लावून टाकलेले. एकोणीसपैकी एकदाही कोणी अडवलं नाही, एक मेसेज नाही, ‘आज वेगळ्या ठिकाणी दिसून राहिले’ असं साधं विचारलं नाही. आणि पैसे काढायचा अर्ज टाकला त्याच्या चौथ्या दिवशी मेल आली, त्यात सगळ्या लॉगिनचे आयपी तारखेसकट! म्हणजे नोंद पहिल्या दिवसापासून होती ना ताई. घेताना दिसलं नाही आणि देताना बरोबर दिसलं, माझा सगळा राग या एका जागेवर आहे.

तुमच्या बँकेचंच घ्या. माझं कार्ड समजा रात्री दोन वाजता दुसऱ्या देशात वापरलं गेलं तर तुम्ही तेव्हाच थांबवता, मला मेसेज करता. वर्षभर व्यवहार होऊ देऊन, मी एफडी मोडायला आलो की ‘तुम्ही मार्चमध्ये बाहेरगावाहून लॉगिन केलं होतं, एफडी जप्त’ असं तुम्ही म्हणता का? बँकेची तुलना तुम्ही काढली म्हणून बोललो.

आणि लोकेशन वेळेवर तपासता येत नाही असंही नाही. हा भाचा आधी एका देशी रमी ॲपवर खेळायचा, तेव्हाची गोष्ट त्यानेच सांगितली. नागपूरहून हैदराबादच्या बसमध्ये बसायचा, पांढरकवडा गेलं, पैनगंगेचा पूल ओलांडला की तेलंगणा सुरू, आणि थोड्याच वेळात ॲपवर पट्टी यायची की तुमच्या राज्यात पैशाचे खेळ चालत नाहीत. कारण तेलंगणाने 2017 मध्येच ते बंद केले होते. खात्यातली शिल्लक मात्र जशीच्या तशी, परत येताना पूल ओलांडला की ॲप चालू. ते ॲप मला आवडायचं असं नाही, त्यातही त्याने पैसे घालवलेच. पण नियम लावायचा तर असा लावतात, डाव सुरू व्हायच्या आधी.

बाहेरच्या देशातही जिथे सरकारचं लायसन्स आहे तिथे हेच आहे. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये नोव्हेंबर 2013 पासून ऑनलाइन कॅसिनो कायदेशीर आहे, तिथे पैसे लावताना तुम्ही राज्याच्या हद्दीत आहात का हे तपासलं जातं, नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये गेलात की पैसे लावताच येत नाहीत. ब्रिटनमध्ये मे 2019 पासून नाव, पत्ता, जन्मतारीख तपासल्याशिवाय खेळूच देत नाहीत, आणि जी माहिती आधी मागता आली असती ती पैसे काढताना अट म्हणून पुढे करायची नाही असाही तिथे नियम आहे. हा शेवटचा नियम वाचला तेव्हा मी भाच्याला फोन करून वाचून दाखवला, कारण त्याच्यासोबत नेमकं उलटं झालं होतं.

आता व्हीपीएनचं. तुम्हाला वाटलं पोट्ट्याने चोरी लपवायला लावला. झालं असं की सरकारच्या आदेशाने अशा साइट ब्लॉक होत असतात, तशी ही पण एक दिवस उघडेना. तर त्याच साइटच्या टेलिग्राम चॅनलवर मेसेज आला, नवीन लिंक आणि खाली ‘नाही उघडली तर व्हीपीएन लावा’, पुढे अंगठ्याचं चिन्ह. स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे. मूळ पोस्टमध्ये टाकला नव्हता, ती माझी चूक, टाकायला पाहिजे होता. ज्यांनी व्हीपीएन लावायला सांगितला त्यांनीच व्हीपीएन लावला म्हणून 1 लाख 12 हजार ठेवून घेतले, मग याला नियम काहून म्हणायचं?

आयपीवरून गाव ओळखायचं म्हणजे काय असतं तेही सांगतो, कारण वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना वाटतं की ते पक्कं असतं. काल मी घरी एकाच खुर्चीत बसून आयपीचं गाव दाखवणारी एक साइट उघडली. वायफायवर नागपूर आलं. वायफाय बंद करून मोबाईल डेटा लावला तर मुंबई! खुर्ची तीच, फोन तोच. मोबाईल कंपन्या त्यांचं ट्रॅफिक मोठ्या शहरातल्या गेटवेवरून बाहेर काढतात आणि एकेका आयपीच्या मागे ढिगाने गिऱ्हाईकं असतात. मग ‘एका आयपीवर एकच खातं’ हा नियम आपल्याकडे कोणावरही कधीही लावता येतो. भाच्याच्या रूमवर तर सरळ एकच वायफाय, रूममेटचंही तिथे खातं होतं, झाली दोघांची ‘लिंक’. हॉस्टेलच्या पोट्ट्यांनी करायचं काय, प्रत्येकाने वेगळं ब्रॉडबँड घ्यायचं?

जुगाराची वकिली म्हणालात ते मात्र लागलं. माझी बहीण चार दिवस जेवली नाही या प्रकरणात, मी कशाला वकिली करू. आणि आता तर वकिली करायला काही उरलंही नाही. केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला, 22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची सही झाली, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ सगळ्या देशात बंद. चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षं आणि 50 लाखांपर्यंत. नुसत्या खेळणाऱ्याला त्यात शिक्षा ठेवलेली नाही. देशी ॲपवाल्यांनी त्याच महिन्यात पैशाचे डाव बंद केले, पण हे परदेशी लोक कुठे ऐकून राहिले, टेलिग्रामवर लिंका फिरतातच. म्हणून तर लिहायला घेतलं. ‘खेळू नका’ हे पोट्ट्यांना घरचे रोज सांगतात, ते ऐकत नाहीत. तिथे जिंकलेला आकडा हा पैसाच नाही, तो नुसता स्क्रीनवरचा आकडा आहे हे कळलं तर कदाचित ऐकतील. आपल्या नागपूरचंच 2023 चं प्रकरण आठवा, एका व्यापाऱ्याची ऑनलाइन गेमिंगमध्ये 58 कोटींनी फसवणूक झाल्याची तक्रार आणि मग गोंदियात पोलिसांचा छापा. एवढ्या मोठ्या माणसाचं हे, तर सेल्समन पोट्ट्याचं काय घेऊन बसलात.

एक गोष्ट मूळ पोस्टमध्ये लिहिली नव्हती, भाच्याने लाजेने सांगितलीच नव्हती. ते एकोणीस पेमेंट अकरा वेगवेगळ्या नावांवर गेलेत. कुठलं किराणा दुकान, कुठलं मोबाईल रिपेअरिंग, काही तर सरळ माणसांची नावं. आणि सुरुवातीला एकदा त्याने 4 हजार काढले होते, ते आलेही होते, तेही अशाच एका अनोळखी माणसाच्या खात्यातून. त्या खात्यावर दुसऱ्या कोणीतरी 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, तक्रार केली असणार, कारण आता परराज्यातल्या सायबर पोलिसांच्या पत्रावरून भाच्याचं पगाराचं खातं होल्डवर आहे. 4 हजारांसाठी अख्खं खातं! मागच्या महिन्याचा पगार आत अडकला, रूमचं भाडं मी पाठवलं.

मूळ पोस्टचं नाव आज बदलतो, ‘कंपनीनं लुटलं’ काढून ‘घेताना दिसलं नाही, देताना दिसलं’ करतो, व्हीपीएनचा स्क्रीनशॉट टाकतो आणि अटींचे ते चार मुद्दे मराठीत लिहितो. तुमच्यामुळे हे होऊन राहिलं, म्हणून आभार.

आणि ताई, तुम्ही बँकेत आहात तर एक विचारतो. होल्ड फक्त त्या 4 हजारांवर राहावा आणि पगार मोकळा व्हावा यासाठी अर्ज आधी ब्रँचमध्ये द्यायचा की ज्या पोलीस ठाण्याचं पत्र आहे तिथे मेल करायची? ब्रँचवाले म्हणतात पोलिसांकडे जा, पोलीस फोन उचलत नाहीत. भाचा शुक्रवारी नागपूरला येतोय, त्याच्या आधी सांगितलंत तर त्याला घेऊन जातो.