चारशे एकावे युनिट

थंडी म्हणजे डिसेंबरात पंखा एकवर आणणे, एवढीच व्याख्या घेऊन डोंबिवलीहून बदलीवर दिल्लीत आलेल्या माणसाने पहिल्याच जानेवारीत, पारा ५ अंशांवर असताना, संगमरवरी फरशीवर अनवाणी पाय टेकला की त्याच्या तोंडून जे निघते ते माझ्याही निघाले. ‘या वयात शिव्या?’ असे म्हणून आई पुन्हा गोधडीत शिरली. इथली घरे उन्हाळ्याच्या धास्तीने बांधलेली असतात; छत उंच, फरशी गार आणि दाराखाली बोटभर फट.

पहिली खरेदी लाल दांड्यांच्या हीटरची झाली. हा हीटर खोली तापवत नाही, समोरच्याला तापवतो. त्यामुळे भरताच्या वांग्यासारखे स्वतःला फिरवत बसावे लागते आणि तरीही एक बाजू कच्चीच राहते. मग ब्लोअर आणला. त्याने पाच मिनिटांत खोली गरम केली आणि दहाव्या मिनिटाला नाक असे कोरडे केले की शेजारच्या काकूंच्या सल्ल्याने खोलीत पाण्याचे पातेले ठेवले. ते रात्री मीच लाथाडले.

तिसऱ्या खेपेस दुकानदाराने तेलाचा रेडिएटर पुढे केला आणि ‘साहब, ये बिजली कम खाता है’ अशी ग्वाही दिली. अकरा पाकळ्यांचे ते धूड घरी आल्यावर आईने त्यात गोडेतेल चालेल का, हे विचारून घेतले. तेल आत कायमचे बंद असते, जळत नाही, फक्त तापते आणि हीटर बंद केल्यावरही काही वेळ ऊब धरून ठेवते, असे मी तिला समजावले. एवढे समजावूनही त्याची पिन आमच्या साध्या प्लगात शिरेना. १६ अँपिअरचा प्लग घरात एकच, तोही गीझरचा, म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलवावे लागले.

त्या रात्री, हुडहुडीत झोप येत नसताना, मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हजार वॅट तासभर चालले की एक युनिट; २,५०० वॅटचे यंत्र पूर्ण जोरात सहा तास चालले तर १५ युनिटे होतात, म्हणजे महिन्याला ४५०. खोली तापली की हीटर बंद करणारा थर्मोस्टॅट मधूनमधून विश्रांती घेतो हे खरे, पण आमच्या दाराखालच्या फटीमुळे त्याला विश्रांतीची संधी मिळत नव्हती. आणि दांडी असो, ब्लोअर असो की तेल, एका युनिटात मिळणारी उष्णता तेवढीच; तार तापवणाऱ्या यंत्रात वाया जाण्यासारखे काही नसतेच, कारण वाया जाणारी वीजही उष्णताच होते. म्हणजे दुकानदाराने मला तीनदा एकच वस्तू विकली होती.

दिल्लीत महिन्याला २०० युनिटांपर्यंत सवलतीने बिल शून्य येते, पुढे ४०० पर्यंत निम्मी सवलत, तीही ८०० रुपयांपर्यंत, आणि ४०१ वे युनिट पडले की सगळीच सवलत गुल. आमचे पहिले बिल ५६० युनिटांचे आले. स्थिर आकार आणि अधिभार सोडून नुसत्या विजेचे २,५४० रुपये पाहून मला त्या मोसमात पहिल्यांदा घाम फुटला.

एक अपवाद मात्र आहे. गरम हवाही देणारा इन्व्हर्टर एसी उष्णता निर्माण करत नाही, बाहेरच्या थंड हवेतली ओढून आत आणतो. त्यामुळे एका युनिटात साधारण तिप्पट उष्णता मिळते. गारठ्यातून ऊब उपसणारे हे यंत्र मला आजही जादूच वाटते. पण ते रेडिएटरच्या चौपट महाग, आमचा कडाका जेमतेम सहा-सात आठवड्यांचा आणि वर बसवल्याने गरम हवा छताशीच घोटाळणार. मी भिंतीला भोक पाडण्याचे नाव काढताच घरमालकाने विषय संपवला.

अखेर दाराच्या फटीत जुन्या लुगड्याची गुंडाळी बसली आणि अंथरुणात १०० वॅटचे विजेचे ब्लँकेट आले, जे रात्रभरात पाऊण युनिटही धड खात नाही. खोली तापवण्यापेक्षा माणूस तापवणे स्वस्त, हे आईच्या गोधडीला आधीच माहीत होते. रेडिएटर दिवसातून दोन तासांवर आला, मी रोज मीटर वाचू लागलो आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तर मी घरात इस्त्रीला बंदी घातली.

बिल आले ३९८ युनिटांचे. मी ते विजयपत्रासारखे आईपुढे धरले. चष्मा लावून तिने ते दोनदा वाचले आणि म्हणाली, ‘दोन युनिटं शिल्लक होती की रे! मग माझ्या साडीला इस्त्री का करू दिली नाहीस?’