कौतुक करायचंय? आधी बोट पकडा

घरातल्या माणसांचं कौतुक घरात करू नये. त्यांना सवय नसते. एखाद्या सकाळी सहज म्हणून बघा, "शर्टाला इस्त्री छान झालीये हं." बायको इस्त्रीचं बटण बंद करेल आणि विचारेल, "काय झालं? ऑफिसात काही बिनसलंय का?" मुलीला "हुशार आहेस" म्हणालात तर ती पैसे मागून घेईल. आईला काही म्हणालात तर ती कपाळाला हात लावून ताप बघेल.

तेव्हा कौतुकाला थोडं अंतर लागतं, आणि हे अंतर समुद्री मैलांत मोजतात. एक समुद्री मैल म्हणजे १,८५२ मीटर. असे शे-दोनशे मैल पाणी कापून, जिथे रेंज नाही, धक्का नाही आणि परतीची बोट सहाव्या दिवशी येणार आहे, अशा उष्णकटिबंधातल्या बेटावर माणसं नेऊन बसवली की त्यांच्याबद्दल चार बरे शब्द आपोआप सुचतात. आपोआप नाही सुचले तरी तिथे करण्यासारखं दुसरं काही नसतं.

कुठे जायचं हे मात्र कुणाला विचारू नका. विचारलंत की आईचे गुडघे निघतात, मुलीची परीक्षा निघते, मुलाला बोट लागते हे निघतं. तुम्ही थेट तिकिटं दाखवायची आणि म्हणायचं, "हे सगळं तुमच्यासाठीच आहे." हे वाक्य पाठ करून ठेवा. पुढचे सहा दिवस लागणार आहे.

प्रेरणा हवी असेल तर कुक बेटांपैकी पामरस्टन डोळ्यांसमोर ठेवा. १८६३ साली विल्यम मार्स्टर्स नावाचा इंग्रज तिथे कायमचा राहायला गेला. बरोबर पॉलिनेशियन बायका, पुढे त्या तीन झाल्या. आज तिथे जी मूठभर वस्ती आहे ती जवळजवळ सगळी त्याच्याच वंशातली, आणि मालाची बोट वर्षातून मोजक्या वेळा येते. चहूकडे प्रशांत महासागर, शेजारी नाहीत, पाहुणे नाहीत, कुटुंबाशिवाय कुणीच नाही. अशा ठिकाणी त्या कुटुंबवत्सल गृहस्थानं केलं काय? तीन बायकांच्या तीन घराण्यांना बेटाच्या तीन वाटण्या करून दिल्या. माणूस किती लांब गेला तरी वाटणीपत्र बरोबर जातं.

सामान भरण्याचं काम बायकोकडे सोपवा आणि मग त्याला नावं ठेवा. ती एक काळी चेनची पिशवी भरेल. तिच्यात सुई-दोरा, सेफ्टी पिना, छोटा चिमटा, मीठ-साखरेची पाकिटं, रबरबँड, बारकी टॉर्च, लायटर, आणि प्लास्टिकच्या पुडीत बांधलेलं अजून काहीतरी. तुम्ही म्हणायचं, "आपण साहसी सहलीला चाललोय, दुकान टाकायला नाही." तुम्ही स्वतः एक कोयता घ्या, धार न लावलेला, आणि एक ड्रोन.

बोटीत बसताना कुणी "ही बोट जरा जुनी वाटते" असं म्हणालं तर अजिबात लक्ष देऊ नका. १७०४ साली अलेक्झांडर सेलकर्क नावाचा खलाशी असाच कुरकुरला होता, जहाज गळकं आहे म्हणून. कप्तानानं त्याला चिलीपासून दूर एका ओसाड बेटावर उतरवलं आणि जहाज पुढे नेलं. सेलकर्क चार वर्षं एकटा बकऱ्यांमागे धावत राहिला. जहाज पुढे खरंच बुडालं, पण तो मुद्दा वेगळा.

बेटाभोवती प्रवाळाचा कठडा असतो, त्यामुळे बोट अलीकडेच थांबते आणि उरलेलं अंतर गुडघाभर पाण्यातून चालावं लागतं. तळाशी समुद्री साळू बसलेले असतात, काळ्या काट्यांचे. "मी पुढे होतो, माझ्या पावलावर पाऊल टाका" म्हणत तुम्ही उतरा. तिसऱ्या पावलाला तुमच्या टाचेत काटा मोडेल. आई बूट घालून उतरलेली असेल, कारण तिनं बोटवाल्याला विचारलं होतं. आणि काटा ज्या चिमट्यानं निघेल तो काळ्या पिशवीतला असेल. ओरडू नका, मुलं बघत असतात.

आता नारळ. ह्या विषयावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण सहलीचा गाभा हाच. चित्रातला नारळ आणि झाडाखाली पडलेला नारळ ह्यांत चार बोटं जाड सोडणाचा, म्हणजे काथ्याच्या सालीचा, फरक असतो. कोयता मारला की तो सोडणात रुततो आणि नारळासकट वर येतो. मग नारळासकट कोयता दगडावर आपटायचा. मग पाय देऊन कोयता उपटायचा. असं पाऊण तास करा. घाम डोळ्यांत जाऊ द्या. मधे कुणी "बाबा, मी बघू?" म्हणालं तर "हे मुलांचं काम नाही" असं सांगा. साधारण पन्नासाव्या मिनिटाला तुमच्या सासूबाई, ज्यांना तुम्ही "त्यांना कशाला, उगाच दगदग" म्हणून जवळजवळ वगळलं होतं, एक टोकदार दांडकं शोधून आणतील. ते जमिनीत पक्कं रोवतील, टोक वर. नारळ त्यावर दाबतील, मनगट पिळतील, सोडणाची एक फाक सुटेल. नारळ फिरवतील, पुन्हा दाबतील. चार-पाच फाकांत नारळ उघडा. मग तीन डोळ्यांतला मऊ डोळा अंगठ्यानं चाचपून त्यात पिन खुपसतील. पिन कुठली, हे सांगायला नकोच. तुम्ही नातवंडांच्या आधी घोट घ्या आणि म्हणा, "मी आधी सैल करून ठेवला होता म्हणून."

पोहायला जा. परतताना पाणी आत ओढायला लागलं तर शूर पुरुषासारखे सरळ किनाऱ्याकडे हात मारा. पाच मिनिटांनी लक्षात येईल की तुम्ही दमलात आणि किनारा अजून लांब गेलाय. तेव्हा काठावरून मुलगी ओरडेल, "बाबा, आडवे पोहा! किनाऱ्याला समांतर!" ओढीचा पट्टा अरुंद असतो, त्यातून बाजूला निघालं की परत येता येतं. हे तिला कसं माहीत? "त्या मोबाईलमधून डोकं काढ" असं तुम्ही जिला रोज सांगता, तिनं ते मोबाईलमध्येच वाचलं होतं. काठावर आल्यावर सांगा की तुम्ही तिची परीक्षा बघत होता.

विषुववृत्ताच्या आसपास सूर्य तिरका उतरत नाही, दगडासारखा सरळ खाली जातो. संधिप्रकाश वीसेक मिनिटांत आटोपतो. तुम्ही रम्य सूर्यास्त टिपायला ड्रोन उडवत असता आणि अचानक ना ड्रोन दिसतो ना तंबू. अशा वेळी बारकी टॉर्च कुणाकडे आहे हे विचारू नका. ती पेटलेलीच असते.

रात्री नारळ-खेकडा येतो. हिंदी आणि प्रशांत महासागरातल्या कित्येक बेटांवर हा सापडतो. वजन चार किलोपर्यंत, पाय पसरले की तीन फुटांच्या आसपास पसारा. माणसांच्या वस्तू ओढून नेतो म्हणून त्याला दरोडेखोर खेकडाही म्हणतात. तुमची चप्पल नेईल, पातेलं नेईल. विशेष म्हणजे त्याला नारळ सोलून फोडता येतो. ही माहिती कुटुंबातला प्रत्येक जण एकदा, तुमच्याकडे बघत, मोठ्यानं म्हणेल. म्हणू द्या.

तिसऱ्या संध्याकाळी कौतुकसमारंभ ठेवा. शेकोटीभोवती सगळ्यांना बसवा. भाषण फोनमध्ये लिहून आणलेलं असेल आणि फोन दुपारीच मेलेला असेल, तेव्हा उत्स्फूर्त बोला. "तुम्ही सगळे आहात म्हणून मी आहे. तुम्ही सगळं करता." सगळे आणि सगळं हे फार सोयीचे शब्द आहेत. कुणी नेमकं काय केलं ते आठवावं लागत नाही. फक्त एक धोका असतो. लहान मुलगा विचारतो, "म्हणजे आई काय काय करते?" इथे गडबडू नका. "आई ना... आई सगळंच करते," म्हणा आणि शेकोटीत लाकूड सारा. बायको तेव्हा तुमच्या टाचेवरची पट्टी बदलत असेल. ती वर बघणार नाही.

चौथ्या दिवशी भांडण होणारच. विषय कुठलाही चालेल; आमचा पातेल्याचा होता. अशा वेळेसाठी टोंगा ह्या प्रशांत महासागरातल्या देशातल्या सहा शाळकरी मुलांचा नियम उत्तम. १९६५ साली त्यांनी एक बोट पळवली, वादळात भरकटली, आणि अता नावाच्या निर्मनुष्य बेटावर पंधरा महिने राहिली. बाग केली, आग विझू दिली नाही, एकाचा मोडलेला पायसुद्धा नीट बसवला. आणि भांडण झालं की दोघांनी दोन दिशांना निघून जायचं, डोकी थंड झाली की परत यायचं. १९६६ मध्ये पीटर वॉर्नर नावाच्या खलाशानं त्यांना सोडवून आणलं, तेव्हा सगळी धडधाकट होती. गावी पोचल्यावर आधी अटक झाली, बोट चोरली म्हणून. घरचे लोक हिशेब विसरत नाहीत.

तर तुम्हीही ताडकन उठा. "माझी इथे कुणाला किंमतच नाही," हे शेवटचं वाक्य म्हणा आणि किनाऱ्यानं चालू लागा. मान ताठ. सुरुवातीला पावलं सावकाश टाका, कारण कुणीतरी हाक मारेल. नाही मारली तर जोरात टाका. लंगडणं जरा वाढवा. दहा मिनिटांनी ठरवा की आता परत जायचंच नाही, त्यांनीच शोधत येऊ दे. पंधराव्या मिनिटाला मनात सगळ्यांना थोडं रडवून घ्या. फक्त एक गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेली नसते, ती मी स्वतः चालून बघितली आहे म्हणून सांगतो. छोटं बेट गोल असतं. तुम्ही रागानं सरळ पुढे जात राहता, आणि विसाव्या मिनिटाला झाडीपलीकडे धूर दिसतो, हसण्याचा आवाज येतो, मग पाठमोरी ओळखीची डोकी. सासूबाई नारळ सोलतायत, मुलगा शिकतोय. तुम्ही उलट्या बाजूनं येऊन उभे. तोंडावर अजून राग तसाच, पण दाखवायचा कुणाला?

बायको मागे न वळताच म्हणते, "आलास? काटक्या मिळाल्या का?"