वीस थेंबांचा रोल-ऑन आणि गळ्यातली पोटली: त्या मेसेजला उत्तर

उन्हाळा लागला की सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचा सारांश असा: निलगिरी, लिंबू आणि लवंगेच्या तेलाचे वीस थेंब छोट्या रोल-ऑन बाटलीत भरा, कपाळाला-मानेला लावा. तेच तेल पाण्यात घालून स्प्रे करा. बाटली गाडीत ठेवा, वर्षानुवर्षं टिकते. कापूर-ओवा-लवंगेची पोटली लेकरांच्या गळ्यात बांधा, ऑक्सिजन वाढतो. सगळं नैसर्गिक, त्यामुळे अपाय नाही.

घरी असे रोल-ऑन बनवायला मला मनापासून आवडतं. म्हणूनच हा मेसेज जसाच्या तसा पुढे पाठवू नका, अशी विनंती आहे.

"ऑक्सिजन वाढतो." पोटलीची ही गोष्ट २०२१च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत घराघरांत पोचली. कापूर हुंगल्यानं रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. पुदिन्यातला मेन्थॉल आणि कापूर नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतात, म्हणून श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. नाक मात्र तितकंच चोंदलेलं असतं. बरं वाटणं खरं आहे, त्यात वाईट काही नाही. पण धाप लागलेल्या माणसाला पोटली देऊन घरी बसवणं धोक्याचं आहे.

"नैसर्गिक, म्हणून अपाय नाही." कण्हेर आणि धोतराही नैसर्गिकच. लवंगेच्या तेलात बहुतांश युजेनॉल हे रसायन असतं. ते तेल साध्या तेलात न मिसळता लावलं तर कातडी भाजल्यासारखी होते, आणि एकदा ॲलर्जी जडली की पुढे थोड्याशा तेलानंही पुरळ उठतो.

"वीस थेंब." सगळा घोळ इथे आहे. साधारण २० थेंबांचं १ मिली होतं. १० मिलीच्या बाटलीत वीस थेंब म्हणजे तेल १० टक्के. मोठ्या माणसाच्या अंगाला २ टक्के पुरे, म्हणजे चार थेंब. चेहऱ्याजवळ लावायचं तर दोनच. लवंगेचं तेल असेल तर त्याहूनही कमी, खरं तर रोल-ऑनमधून ते वगळलेलंच बरं. उरलेली बाटली साध्या तेलानं भरायची. आपल्याकडे घाण्याचं करडईचं तेल सहज मिळतं, ते चांगलं चालतं. खोबरेल थंडीत गोठतं आणि रोलर फिरत नाही.

लिंबाच्या तेलाबद्दल मेसेज एक शब्द बोलत नाही. सालं दाबून काढलेल्या तेलात असे घटक असतात की ते लावून उन्हात गेलं तर त्वचा लाल होते, फोड येतात, काळे डाग महिनोन्महिने राहतात. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर असताना मानेला लिंबाचं तेल लावून नव्या पेठेत खरेदीला निघणं म्हणजे हे दुखणं ओढवून घेणं.

पाण्यातला स्प्रे? तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं. एखाद्या फवाऱ्यात नुसतं तेलच अंगावर येतं.

"गाडीत ठेवा, वर्षानुवर्षं टिकते." उष्णता, उजेड आणि हवा लागली की तेल बिघडतं, विशेषतः लिंबूवर्गीय. बिघडलेलं तेल ताज्यापेक्षा जास्त खाज आणतं. गडद काचेची बाटली, घट्ट झाकण, घरातली गार जागा, आणि बाटलीवर तारीख.

लेकरांबाबत मी अजिबात तडजोड करणार नाही. दोन वर्षांखालच्या बाळाच्या नाकाखाली, छातीवर किंवा गळ्यात कापूर, निलगिरी, पुदिना यांपैकी काहीही नको. गळ्यातली पोटली शेवटी तोंडातच जाते, आणि दोरीचा फासही बसू शकतो. सुमारे १ ग्रॅम कापूर पोटात गेल्यानं लहान मुलं दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत; त्याआधी झटके येतात, तेही काही मिनिटांत. निलगिरीचं चमचाभर तेलही मुलाला बेशुद्ध करू शकतं.

मोठ्यांना प्रवासात हुंगायलाच हवं असेल तर नाकाशी धरून हुंगायच्या इनहेलरच्या रिकाम्या नळीत कापसाचा बोळा घाला आणि त्यावर थोडे थेंब सोडा. तेल अंगाला लागत नाही, मळमळीत काहींना तेवढ्यानं बरं वाटतं. दमा असेल, दिवस गेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि मुलानं तेल किंवा कापूर गिळलाच, तर उलटी करवू नका. तेल फुफ्फुसात जाऊ शकतं. मीठ-पाण्यात वेळ न घालवता, बाटली सोबत घेऊन सिव्हिल किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा.